समूह प्रदर्शनाला येतो तो कोण : प्रेक्षक, दर्शक की रसिक?

प्रश्न : समकालीन कलेच्या समूह प्रदर्शनासाठी मराठी मजकूर लिहितो आहे. चित्रं, मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन), व्हिडिओ असं सगळं आहे. पाहायला येणाऱ्यासाठी मसुद्यात कुठे 'प्रेक्षक', कुठे 'दर्शक', कुठे 'रसिक' झालंय. एकच शब्द ठेवायचा तर कोणता? आणि 'समूह' की 'सामूहिक'?

उत्तर : 'सामूहिक' नको. सामूहिक गान म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच गाणं म्हणायचं. इथे प्रत्येकाचं काम स्वतंत्र, कधी शेजारच्याशी अजिबात न जुळणारं. 'समूह प्रदर्शन' रुळलेलंही आहे.

'दर्शक'ही टाळा. संस्कृतात त्याचा अर्थ पाहणारा असाही होतो, पण मराठी कानाला दर्शक म्हणजे दाखवणारा : दिशादर्शक, मार्गदर्शक, व्याकरणातलं दर्शक सर्वनाम.

आणखी एक उत्तर : 'रसिक' बातमीत शोभतो. पण तो आधीच दाद देऊन मोकळा झालेला असतो! एखाद्या मांडणशिल्पापुढे गोंधळून उभा राहिलेला आणि शेवटी वैतागून निघून गेलेला माणूस रसिकांत धरायचा की नाही? पाहिलं तर त्यानेही.

उत्तर : माझी अडचण 'प्रेक्षक'शी आहे. तो शब्द खुर्चीत बसलेला आहे. नाटकाला सगळे एकाच वेळी, एकाच दिशेने बघतात. प्रदर्शनात कुठे थांबायचं, किती वेळ, कशाकडे परत वळायचं हे ज्याचं तो ठरवतो. समूह प्रदर्शनात तर दोन वेगळ्या कलावंतांची कामं शेजारी आल्यावर जो तिसरा अर्थ निघतो, तो चालणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. क्युरेटरने, म्हणजे कामं निवडून मांडणी ठरवणाऱ्याने, शेजार लावून दिला तरी. (क्युरेटरला वृत्तपत्रांत 'विचारनियोजक' असा शब्द वाचलाय. जड आहे, पण काम नेमकं सांगतो.)

शिवाय काही कामांत नुसतं पाहणं पुरतच नाही. अमेरिकन कलावंत फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचं १९९१चं काम घ्या. कोपऱ्यात रंगीत कागदांतल्या गोड गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. येणाऱ्याने गोळी उचलायची, हवी तर खायची. टोरेस यांचा जोडीदार रॉस एड्सने गेला, त्याचं हे व्यक्तिचित्र. ढीग घटतो, पुन्हा भरता येतो. इथे येणाऱ्याला 'आस्वादक' म्हणा, शब्दशः लागू!

उलट टोक म्हणजे कलावंत मरीना अब्रामोविच यांचं १९७४चं नेपल्समधलं 'ऱ्हिदम ०' हे सादरीकरण (परफॉर्मन्स). टेबलावर ७२ वस्तू, त्यांत गुलाब, कात्री, पिस्तूल आणि गोळीही. सहा तास त्या निश्चल उभ्या. लोकांनी वाटेल ते करावं. लोकांनी त्यांचे कपडे कापले, एकाने पिस्तूल रोखलं, काही जण त्यांना वाचवायला पुढे झाले. बाकीच्यांसाठी मराठीत एक अचूक शब्द आहे : 'बघे'. तो मजकुरात चालणार नाही, हे कबूल.

प्रश्नकर्ता : मग शेवटी लिहू काय?

उत्तर : प्रास्ताविकात 'प्रेक्षक'च ठेवा. खुर्ची आठवली तरी वाचणारा अडखळणार नाही. 'सहभागी' सरसकट नको, नाहीतर ती कलावंतांची यादी वाटेल. कामाशेजारच्या फलकावर मात्र नामच गाळा. 'कृपया हात लावू नये' यात कर्ता कुठे असतो? तसंच 'इथली वस्तू उचलून पाहता येईल' असं लिहा.