मदत हवी आहे: आईला पातालपाणीला न्यायचंय, गुडघे दुखतात, कसं जमवावं?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. राखीला बहीण पुण्याहून दोन्ही मुलांना घेऊन येतेय आणि तेव्हा सगळ्यांनी मिळून महूजवळच्या पातालपाणी धबधब्याला जायचं असं चाललंय, आणि यात मुख्य पाहुणी मुलं नाहीत, आई आहे. वय ७७, दोन्ही गुडघ्यांना संधिवात, सपाटीवर काठी घेऊन दहा-पंधरा मिनिटं चालते मग बसावं लागतं, पायऱ्या चढते हळूहळू पण उतरताना फार त्रास होतो. त्यामुळे तिथली जमीन नेमकी कशी आहे हे मला कोणीतरी नीट सांगा, फोटोत सगळंच सुंदर दिसतं हो, पायाखालचं काही कळत नाही.

आईचं माहेर खंडव्याचं. तेव्हा खंडवा-इंदूर मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी होती, कालाकुंडला थांबायची, पळसाच्या पानावर कलाकंद मिळायचा आणि मग घाट चढायला मागून आणखी एक इंजिन लावायचे. पातालपाणी आलं की सगळा डबा खिडकीशी. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने हा धबधबा असाच चालत्या गाडीतून बघितला, मिनिटभर दिसायचा की गेला. आता तिला तिथे उभं राहून बघायचाय, आवाज ऐकत शांत बसायचंय, एवढंच मागणं आहे तिचं आणि मला ते काहीही करून पुरं करायचंय.

आता प्रश्न. पार्किंगपासून वरच्या रेलिंगपर्यंत किती चालावं लागतं, वाट फरशीची आहे की चिखल, पाऊस पडून गेल्यावर शेवाळ धरतं का? मध्ये टेकायला कट्टा वगैरे काही आहे का की आम्ही घरून फोल्डिंगची खुर्ची न्यावी? बायकांसाठी बरं स्वच्छतागृह आहे का, हे जास्त महत्त्वाचं आहे कारण नाहीतर आई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते. आणि दुसरा पर्याय म्हणजे पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली ती, पावसाळ्यात शनिवार-रविवार असते असं बघितलं, ती धबधब्यापाशी थोडा वेळ थांबते म्हणतात, तर तिथे उतरायला प्लॅटफॉर्म आहे की तशीच डब्याची उंच पायरी? तशी असेल तर आई उतरू शकणार नाही, मग बसल्या जागी नीट दिसतं का आणि कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची?

भाचे १३ आणि ९ वर्षांचे आहेत, मोठ्याच्या हातात सारखा मोबाईल, रील काढायचा नाद, त्याची मला खरंच धास्ती आहे. १७ जुलै २०११ ला तिथे जे झालं ते इंदूरमध्ये कोणी विसरलं नसेल, एकाच घरातली माणसं मधल्या खडकावर अडकली आणि बघता बघता पाण्याने ओढून नेली, काठावर इतकी माणसं असून कोणी काही करू शकलं नाही. तेव्हा पाण्यात पाय घालायचा नाही हे ठरलेलंच आहे, त्यावर चर्चा नको. मला विचारायचंय ते असं की काठावर, रेलिंगच्या आत उभं राहतानाही कशाकडे लक्ष ठेवावं.

टिंचा धबधब्याचं नाव घरात निघालं होतं पण म्हातारं माणूस आणि लहान मुलं घेऊन तिथे जायला माझं मन तयार नाही. मानपूरकडच्या शीतलामाता धबधब्याला खाली उतरावं लागतं म्हणे, म्हणजे तेही बाद. कोणी घरच्या वयस्कर माणसाला नेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

महूकर
दादा, आधी पाण्याचं सांगतो, आमचं सगळं लहानपण तिथलंच आहे. चोरल नदी वरच्या पठारावरून येते आणि तिथे विंध्याचा कडा तुटतो म्हणून एकदम तीनशे फुटांच्या आसपास खाली पडते. पठार सगळं काळ्या खडकाचं, पहिले काही पाऊस मातीत मुरतात पण एकदा जमीन भिजली की खडक पाणी पीत नाही, जेवढं पडलं तेवढं सगळं नदीत. त्यामुळे धबधब्यावर लख्ख ऊन असतं आणि मागे कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो, त्याचा लोंढा थोड्या वेळाने येतो, लोक फसतात ते इथेच. खुणा लक्षात ठेवा: स्वच्छ पाणी एकदम गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, नाहीतर आवाज जड झाला, की कोणाला विचारत बसायचं नाही, मुलांचा हात धरून मागे व्हायचं. दोन-तीन दिवस चांगला पाऊस होऊन उघडीप पडली की दुसऱ्या दिवशी जा, तेव्हा धबधबा बघण्यासारखा असतो. उन्हाळ्यात तिथे नुसता खडक.

वाटेचं म्हणाल तर गाडी बरीच जवळ जाते, रेलिंगवरून बघायला खाली उतरावं लागत नाही. दरीत उतरायची वाट आहे ती तुम्ही विसरूनच जा. रविवारी मात्र अजिबात येऊ नका, अर्धं इंदूर तिथे असतं, गाडी लांब लावावी लागली तर काकूंचं सगळं चालणं तिथेच संपेल. मधल्या वारी सकाळी लवकर निघा, राऊवरून महू आणि पुढे पातालपाणी, साधारण ३५ किलोमीटर. फोल्डिंगची खुर्ची आणाच, कट्ट्याच्या भरवशावर राहू नका, आणि स्वच्छतागृहाचं महूतच उरकून घ्या. स्टेशनाजवळ टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिलांचं मंदिर आहे, तिथे गाड्या थांबायच्या, रेल्वेवाले म्हणतात घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासायला आणि आमच्याकडचे लोक म्हणतात मामांना सलामी द्यायला. ४ डिसेंबर १८८९ ला त्यांना जबलपूरला फाशी दिली होती. मुलांना तिथे आवर्जून न्या.

सुदामानगरची_काकू
माझेही गुडघे असेच आहेत म्हणून लिहिते. एखादी पायरी किंवा उतार आलाच तर उतरताना काठी आणि जास्त दुखरा पाय आधी खाली ठेवायचा, चढताना बरा पाय आधी. मला फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं, फार फरक पडतो. काठीचं खालचं रबर झिजलं असेल तर निघायच्या आधी नवीन बसवा, ओल्या फरशीवर सगळा भार त्याच्यावर असतो. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला. आणि आधार देताना त्यांचा हात ओढू नका रे बाळा, त्यांनी तुमचा दंड धरायचा, म्हणजे वेग त्यांचा राहतो.

गाडीचं मला विचाराल तर आईंना खिडकीतूनही बघू द्या, तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांना ती गाडी जास्त आवडेल. काचेच्या मोठ्या खिडक्यांचे डबे आहेत आणि साधेही, बुकिंग आयआरसीटीसीवर, पावसाळ्यात पटापट भरतं. ती कुठून सुटते ते तिकिटावर नीट बघा, आधी महूहून सुटायची, मग गेज बदलायच्या कामामुळे पातालपाणीहून सुटायला लागली.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार, आईला सगळं वाचून दाखवलं. काकू, काठीचं रबर बघितलं तर खरंच एका बाजूने झिजलंय, उद्या नवीन आणतो. ब्रेक की सलामी, यावर आईचं म्हणणं सलामीच, तिच्या वडिलांनी तिला तेच सांगितलं होतं.

आता असं ठरवतोय की शुक्रवारी सकाळी कारने जायचं, आईला रेलिंगपाशी खुर्चीत हवं तितका वेळ बसू द्यायचं, मोठ्या भाच्याचा मोबाईल बहिणीच्या पर्समध्ये आणि त्याच्यावर काम आजीला धरून चालायचं. पाऊस नसला आणि तिची तब्येत ठीक असली तर शनिवारी हेरिटेज गाडी, कालाकुंडपर्यंत आणि परत, तिकिटं आज रात्रीच बघतो. डब्याच्या पायरीसाठी घरातला लाकडी पाट बरोबर न्यावा असं आई म्हणतेय, पण तो ओल्या गिट्टीवर डगमगणार नाही का? कोणी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्या गाडीत चढवलं-उतरवलं असेल तर कसं केलं ते सांगा. आणि या पंधरवड्यात पातालपाणीला कोणी जाऊन आलं असेल तर पार्किंगपासूनच्या वाटेवर सध्या चिखल किती आहे तेही लिहा, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळलं तरी चालेल.