मदत हवी आहे: आयपॅडवर नेव्हिगेशनमधला एकच पडदा आडवा कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

आई गाणं शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांसाठी आयपॅडवर ॲप लिहितोय, स्विफ्ट भाषेत आणि यूआयकिटमध्ये (ॲपलची पडदे बांधायची साधनं). आधी रागांची यादी, मग बंदिशींची आणि शेवटी भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन. तिन्ही पडदे एकाच नेव्हिगेशन कंट्रोलरमध्ये पुश होतात, म्हणजे एकावर एक उघडतात. याद्या उभ्याच बऱ्या. स्वरलेखन मात्र आडवं हवं, कारण तीनतालाच्या १६ मात्रा एका ओळीत बसल्या पाहिजेत. उभ्या पडद्यावर ओळ अकराव्या-बाराव्या मात्रेवर तुटते आणि गाता गाता मुलांची सम (तालाची पहिली मात्रा) चुकते.

तिसऱ्या पडद्याच्या कंट्रोलरच्या 'सपोर्टेड इंटरफेस ओरिएंटेशन्स'मध्ये फक्त लँडस्केप दिलं, पण ब्रेकपॉइंट (कोड थांबवून पाहायची खूण) लावला तर तिथे कोणी फिरकतच नाही. 'यूआयडिव्हाइस'वर 'सेट व्हॅल्यू' करायची जुनी युक्तीही आयपॅडओएस १६ पासून चालत नाही. आठवडाभर अडकलोय, कृपया कोणीतरी वाट दाखवा.

प्रतिसाद १:
दोन गोष्टी आहेत. दिशा कोणती चालेल हे सिस्टिम विंडोच्या रूट (सगळ्यात मुळाच्या) कंट्रोलरला विचारते. तुमच्याकडे तो नेव्हिगेशन कंट्रोलर आहे आणि तो आपणहून वरच्या पडद्याला विचारत नाही. त्याचा सबक्लास (त्याच्यावरून बनवलेला स्वतःचा प्रकार) करून 'टॉप व्ह्यू कंट्रोलर'चं उत्तर पुढे पाठवा. पडदा बदलला की 'सेट नीड्स अपडेट ऑफ सपोर्टेड इंटरफेस ओरिएंटेशन्स' बोलवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ॲप स्प्लिट व्ह्यूत (दोन ॲप शेजारी शेजारी) चालणारं असेल तर आयपॅड हे सगळं बाजूला ठेवतो. इन्फो पीलिस्टमध्ये (ॲपच्या सेटिंग्जची फाइल) 'यूआय रिक्वायर्स फुल स्क्रीन' ही की, म्हणजे नोंद, होय केली की ऐकतो. पण आयपॅडओएस २६ पासून ही की मोडीत काढायला घेतली आहे, तेव्हा नव्या ॲपचा पाया तिच्यावर घालू नका. माझं प्रामाणिक मत, पडदा फिरवायच्या मागे न लागता पान दोन्ही दिशांना वाचता येईल असं करा. अँड्रॉइड १६ सुद्धा मोठ्या पडद्यांवर ॲपने घातलेलं दिशेचं बंधन मानत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! सबक्लास आणि ती की, दोन्ही केल्यावर पडदा फिरला. तरी पान दोन्ही दिशांना वाचता येईल असं करा, हा तुमचा सल्ला आईला सांगितला. ती म्हणाली, "अरे, मग ओळ 'खाली'वर तोड ना." खाली म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवून दाखवायची मात्रा. तीनतालाची नववी मात्रा खाली, म्हणजे आठ-आठच्या दोन ओळी आणि दुसरीची सुरुवात खालीने. एकतालात सातवी, झपतालात सहावी, धमारात आठवी, सगळीकडे बरोबर मध्यावर खाली येते! मुलांना हे जास्त सोपं जाईल असं ती म्हणते. ती की काढून टाकली.

आता एकच अडलंय. पूर्ण पडद्यावर उभं असो वा आडवं, साइज क्लास (जागा मोठी की लहान हे सांगणारा सिस्टिमचा शेरा) 'रेग्युलर'च मिळतो. एक ओळ की दोन, हे कशावरून ठरवू?

प्रतिसाद १:
व्ह्यूच्या स्वतःच्या रुंदीवरून. 'व्ह्यू डिड लेआउट सबव्ह्यूज'मध्ये 'बाउंड्स' (व्ह्यूची मापं) पाहा, रुंदीला १६ ने भागा आणि एका मात्रेला पुरेशी जागा मिळत नसेल तर ओळ तोडा. स्प्लिट व्ह्यूतही हेच चालेल.