शाळेच्या नोकरीसाठी दहाही बोटांचे ठसे मागून राहिले, द्यायचे का?

वर्धेकडचा मास्तर
नमस्कार मंडळी. 14 वर्षांपासून खेड्यातल्या अनुदानित शाळेत शिकवतो. मागच्या आठवड्यात संस्थेनं तोंडी सांगितलं, सगळ्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन दहाही बोटांचे ठसे द्या नाहीतर पगारबिलात नाव जाणार नाही. लेखी काहीच नाही. बदलापूरच्या शाळेत लहान पोरींवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट 2024 मधे शासनानं चारित्र्य पडताळणी सांगितली ते मला मान्यच आहे, माझी स्वतःची पोरगी सातवीत आहे, पण पडताळणी वेगळी आन ठसे वेगळे ना. मी काय आरोपी आहे का जी? दोन दिवसापासून घास गिळत नाही.

पोरीची माय
सर, राग नका मानू. ठशानं एक जरी नराधम सापडत असन तर द्या ना. मी दर महिन्याला रेशनच्या दुकानात अंगठा देते, कापूस वेचून वेचून बोटं अशी घासली की मशीन घेतच नाही, अंगठा केसांवर घासा, पुसा, पुन्हा लावा, मागं लाइन उभी. आम्हाले कोणी इचारलं का कसं वाटते म्हणून?

रिटायर गुरुजी
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण रेशनचा अंगठा फक्त तुम्ही त्याच आहात एवढं सांगते. ठाण्यातला ठसा गुन्हेगारांच्या ठशांशी जुळवतात, म्हणजे जो आधी कधी पकडलाच गेला नाही तो त्यात सापडणारच नाही, आन लेकरांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असते. अमेरिकेत मेन राज्यात शाळेतल्या सगळ्यांच्या ठशांचा कायदा आला तेव्हा मास्तर लोकांनी हेच सांगितलं, काहींनी तर नोकरी सोडली पण ठसे नाही दिले. आन आपण तर सेवाग्रामच्या जिल्ह्यातले. 1906 मधे दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालात भारतीयांवर ठशांची सक्ती आली, गांधीजींचा सत्याग्रह तिथंच उभा राहिला.

कोर्टकचेरी
गुरुजी, पुढचंही सांगा. जानेवारी 1908 मधे तडजोड झाल्यावर गांधीजींनी स्वखुशीनं दहाही बोटांचे ठसे दिले, आन त्याच्यासाठी आपल्याच माणसाचा मार खाल्ला. भांडण सक्तीशी होतं. सर, संस्थेला लेखी विचारा, कोणत्या आदेशानं मागता, ठसे कुठं ठेवणार, कधी नष्ट करणार. पोलिसांना ठसे घेऊ देणारा 2022 चा ओळखीचा कायदा मुख्यतः शिक्षा झालेल्या आन अटकेतल्या लोकांसाठी आहे. खाजगीपणा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं 2017 मधेच सांगितलं. अर्जाच्या कॉपीवर पोच मात्र नक्की घ्या.

वर्धेकडचा मास्तर
सोमवारी अर्ज देतो, पडताळणीचा फॉर्म आजच भरतो. ताई, तुमच्या पोरीच्या शाळेत लेकरांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती बसते का ते विचारा. आमच्याकडे भिंतीवर लेकरांच्या मदतीचा 1098 नंबर रंगवला आहे पण समितीची बैठक या वर्षी एकदाही नाही झाली, आन मीही कधी विचारलं नाही, ते माझं चुकलं.

पोरीची माय
कधी नाव नाही आयकलं या समितीचं. उद्या वेचणीला जायच्या आधी हेडमास्तरले भेटते.