देवदास तीन वेळा पाहिला: पारो आणि चंद्रमुखीची भेट कोणाची खरी?

माडाखालचा (मालवण)
जुलै महिना, मासेमारीला बंदी, बाजारात सुकटाशिवाय काही नाही आणि चार दिवस पावसाची झड. आईने फर्मान काढलं, "देवदास लाव." मी विचारलं, "कुठला?" तिथून जो वाद पेटला तो मिटेना, म्हणून आठवडाभरात तिन्ही पाहून टाकले. बिमल रॉय यांचा १९५५चा, संजय लीला भन्साळींचा २००२चा आणि अनुराग कश्यपचा २००९चा 'देव डी'. लाइट गेली की शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची मूळ बंगाली कादंबरी वाचायची. ती १९१७ची.

आता माझं म्हणणं. कादंबरीत देवदासची शेजारची बालमैत्रीण पारो आणि कोठ्यावरची चंद्रमुखी एकमेकींना भेटतच नाहीत. बिमल रॉय यांनी ती भेट घडवली, पण कशी? पारोची पालखी चालली आहे, समोरून चंद्रमुखी पायी येते. नजरानजर होते. शब्द नाही, ओळख नाही, दोघी आपापल्या वाटेला. पाहताना मी पंख्याचा आवाजसुद्धा विसरलो. भन्साळींनी मात्र त्याच दोघींना दुर्गापूजेत एकत्र नाचवलं.

ही गोष्ट मुळात दोन शेजारच्या घरांमधल्या भिंतीची आहे. पारोच्या घरात मुलीच्या लग्नात पैसे घ्यायची रीत, म्हणून देवदासच्या जमीनदार बापाला ती सोयरीक कमीपणाची वाटते. एवढ्याशा कारणावरून सगळं मोडतं. आणि भन्साळींकडे त्याच समाजात दुसऱ्या जमीनदाराची बायको झालेली पारो कोठ्यावर जाते, चंद्रमुखीला घरच्या पूजेचं आमंत्रण देते, आणि ती येतेही! हे इतकं सोपं असतं तर देवदास मेलाच नसता.

दापोलीकर
भिंतीचं म्हणता ना, मग भन्साळींच्या सिनेमातल्या भिंती नीट बघा. त्या आमच्या दापोलीच्या नितीन चंद्रकांत देसाईंनी उभ्या केल्या आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (बाकी मराठी भरतीही जोरात आहे. माधुरी चंद्रमुखी, पारोचा नवरा विजयेंद्र घाटगे, त्याचा जावई काळीबाबू मिलिंद गुणाजी.) पारोचं घर रंगीत काचांचं आहे. दिसायला देखणं, पण आडोसा म्हणून नाही. मुलीने मान वळवली तरी बाहेरून दिसावी असं घर. हे बोलून दाखवायला दुसऱ्याला दहा संवाद लागले असते.

आणि पारो कोठ्यावर उगाच जात नाही. दुर्गेच्या मूर्तीसाठी वेश्येच्या अंगणातली माती लागते, ही बंगालातली खरी रीत आहे. पारो ती माती मागते. अंगणातली माती देवीला चालते आणि अंगणातली बाई चालत नाही, हा पेच कादंबरीत नाही, तो भन्साळींनी आणला. पुढे काळीबाबू चंद्रमुखीची ओळख भर सभेत उघडी करतो तेव्हा ती मान खाली घालत नाही, त्यालाच सुनावते. तुमच्या पालखीच्या प्रसंगात चंद्रमुखीला तोंड उघडायची सोय तरी आहे का? रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि मोठ्या घरची पालखी जाऊ द्यायची. म्हणजे भिंत आहे तिथेच राहिली, फक्त सुंदर दिसली.

खाजणातलो
माका समजणा नाय तुमी भांडतास कित्याक. दशावतारात आख्यान ताच, पण संवाद रोज नवे. कोण पोथी घेवन रंगमंचावर बसता काय? राजा आणि राक्षस रातभर वाद घालतत, ता पोथीत खय असता? मगे भन्साळीन दोन बायलमाणसांका नाचवल्यान तर काय बिघाडला?

माडाखालचा
खाजणवाले, संवाद बदलतात हे खरं. पण पहाटेपर्यंत कितीही रंगलं तरी द्रौपदी आणि दुःशासन हात धरून फुगडी घालत नाहीत.

दापोलीकर, मातीचा मुद्दा मानला. तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण माती मागणं ते नाच यात जे उडीएवढं अंतर आहे ते गाण्याने भरून काढलंय, कथेने नाही.

वेंगुर्ल्याची काकू
तुम्ही दोघेही त्या दोन बायकांच्या भेटीवर अडकून बसलात. मला सांगा, देवदास पारोला मारतो ते कोणाला आठवतंय?

आम्ही शरच्चंद्र वाचले ते वरेरकरांमुळे. मामा वरेरकर आपल्याच बाजूचे, जन्म चिपळूणचा. बंगालीतलं किती तरी त्यांनी मराठीत आणलं. देवदास वाचून मला तो पोरगा कधीच आवडला नाही. लहानपणी शाळेत दुसऱ्या पोराला चुन्याच्या ढिगात ढकलणारा, पारोला बडवणारा, आणि मोठेपणी धीर नसलेला. लग्न ठरलेल्या पारोच्या कपाळावर तो तळ्याकाठी गळाच्या काठीने मारतो. हातात गरी होती, राग आला, मारलं. भन्साळींनी तिथे त्याच्या हातात मोत्यांचा हार दिला. काठीने मारणारे पुरुष मी आळीत पाहिलेत, हाराने मारणारा एकही नाही. जखम दागिन्यासारखी दिसायला लागली की माझं डोकं फिरतं.

पण बिमल रॉयनाही मी सोडणार नाही. लहान असताना जत्रेतल्या तंबूत तो सिनेमा पाहिला. नंतर वर्षभर आमच्या वाडीतले दोन-तीन तरणेबांड कपाळावर केस ओढून, खांदे पाडून फिरत होते. दिलीपकुमारने दारूला एवढी इभ्रत दिली की घरात मार खाणाऱ्या बाईचं दुःख कोणाला दिसेना.

पावसची पोर
काकू, म्हणूनच 'देव डी' बघा! कादंबरीतला सगळ्यात धाडसी प्रसंग कुठला? पारो रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते तो. अब्रू पणाला लावून मुलगी जाते आणि हा आईबापांचं नाव पुढे करतो. कश्यपने ते पंजाबात नेलं. पारो सायकलवर गादी बांधून शेतात जाते. हसू येतं, आणि मग लक्षात येतं की हीच ती रात्र आहे, हाच तो धीर. आणि तिथेही तो मागे फिरतो, कोणाच्या तरी सांगण्यावर विश्वास ठेवून. नंतर तो लॉजवर पडलेला असताना पारो येते, त्याचे कपडे धुते, खोली आवरते आणि त्याची जागा त्याला दाखवून निघून जाते. आधीच्या दोन्ही पारो शेवटी मरत्या देवदाससाठी फाटकाकडे धावतात. ही धावत नाही.

वेंगुर्ल्याची काकू
जागा दाखवायची होती तर कपडे कशाला धुवायचे?

पावसची पोर
काकू, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 😀

दापोलीकर
माडाखालचे, कादंबरीशी इमान असा १९५५चा बोलबाला करता, पण बिमल रॉय १९३५च्या सैगलवाल्या देवदासचे छायाचित्रकार होते हे विसरू नका. वीस वर्षं त्यांच्या डोळ्यांत दिग्दर्शक बरुआंचा तो सिनेमा होता. म्हणजे तुमचा 'मूळ'सुद्धा सिनेमावरून सिनेमा. मग भन्साळींनीच काय पाप केलं?

माडाखालचा
पाप नाही म्हणालो, पटलं नाही म्हणालो. आणि चंद्रमुखी रस्त्याच्या कडेला उरली म्हणता, पण ती भूमिका केलेल्या वैजयंतीमालांनी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार नाकारला होता, कारण त्यांच्या मते ती भूमिका पारोच्या तोडीची होती. पालखीसमोर उभ्या असलेल्या त्या बाईच्या नजरेत मला तेच दिसतं. ती बाजूला होते, पण लहान होत नाही.

काकूंच्या हाराला मात्र उत्तर नाही. तो प्रसंग काल परत लावून पाहिला आणि आता तो मला पूर्वीसारखा बघवत नाही.

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, "माती मागायला गेली ते पटलं, नाच नाही पटला. आणि त्या वेंगुर्ल्याच्या बाईला माझा नमस्कार सांग." मी म्हटलं, मग तुझं मत कोणाला? तर उठली. "लाइट आहे तोवर खोबऱ्याचं वाटप काढून घेते. मग सैगलचा लाव."