मदत हवी आहे: हॅवलॉक आणि नीलला गाडी न घेता कसं फिरावं?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला निघतोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे). हॅवलॉकला तीन रात्री, नीलला एक.

टूरवाल्याने दोन्ही बेटांवर दिवसभराची गाडी गळ्यात मारायचा चंग बांधलाय. आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात टायर तरी आपले होतील."

बहुतेक लोक स्कूटी भाड्याने घेतात म्हणे. पण नवऱ्याकडे दुचाकीचं लायसन नाही आणि मी शेवटची स्कूटी चालवली ती बारा वर्षांपूर्वी, कोथरूडच्या गल्लीत. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलीये हे चित्रच डोळ्यांसमोर नको.

नकाशावरून हॅवलॉकचं एवढं कळलं (तिथली गावं आणि किनारे नंबरांनी ओळखतात): जेट्टी उत्तरेला, तीन नंबरला (गोविंदनगर) बाजार, पाच नंबरला (विजयनगर) रिसॉर्ट, आणि सात नंबर म्हणजे राधानगर बीच, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. आमची खोली पाच नंबरला आहे. अडलंय ते इथे: राधानगरचा सूर्यास्त बघून परत कसं यायचं? ओला-उबर तिथे नाही. सरकारी बसच्या भरवशावर आईला न्यावं का? सायकल जमेल का? नीललाही असंच का?

प्रतिसाद १
ताई, गाडी नका घेऊ. मागच्या फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन आम्ही रिक्षावर निभावलं.

तीन नंबरच्या बाजारात रस्त्याला फाटा फुटतो. एक पाच नंबरवरून काळापत्थर बीचला जातो, दुसरा सात नंबरला. पाचच्या रस्त्यावर दिवसा रिक्षा मिळते. सातला मात्र नेलेली रिक्षा सोडायचीच नाही. जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे निघण्याआधी ठरवा आणि नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा, कारण अंधारात सगळ्या रिक्षा सारख्याच दिसतात. पहिल्या दिवशी शहाणपणा करून आम्ही सोडली. नंतर येईल त्या रिक्षाला हात करायचो, तर आत आधीच माणसं. मोबाइलला रेंज नाही. शेवटी एका शहाळेवाल्याने ओळखीतला रिक्षावाला गाठून दिला. आईने त्याच्याकडची तीन शहाळी उपकारापोटी प्यायली.

डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे तीनलाच निघा. बसच्या फेऱ्या मोजक्या, सकाळी हौस म्हणून बसा. आणि बोटीच्या तिकिटावर स्वराज द्वीप, शहीद द्वीप दिसलं तर गडबडू नका, २०१८ पासून हॅवलॉक आणि नीलची तीच नावं आहेत.

प्रतिसाद २
सायकल पाच नंबर ते काळापत्थर चालवा. सकाळी लवकर, समुद्र डाव्या हाताला, लेक खूश. सातच्या वाटेला चढ आहेत, तिथे तीच लेक रडेल.

नील लहान आणि बरंचसं सपाट. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे, आई हळूहळू चालत जातील. लक्ष्मणपूरचा खडकाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच बघता येतो आणि वाट ओल्या, खडबडीत दगडांवरून आहे. त्या गुडघ्यांनी नको. ओहोटीची वेळ हॉटेलात विचारून मगच रिक्षा ठरवा.

मूळ लेखिका
दोघांचेही आभार! टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. एकच राहिलं: जेट्टीवर चार माणसं आणि तीन बॅगा एका रिक्षात मावतील का?

प्रतिसाद १
दोन करा. आईंच्या पायांवर बॅग नको.