मदत हवी आहे: आत्याच्या बंदिशींचं रेकॉर्डिंग, बॅकअप नीट कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरला लष्करमधे राहते. माझी आत्या ८१ वर्षांची आहे, आयुष्यभर घरीच गाणं शिकवलं तिने. दिवाळीपासून रोज सकाळी चहा झाला की तिला बसवून रेकॉर्डिंग करतेय, ख्याल, तराणे, टप्पे, आणि मधेच थांबून ती सांगते ना की ही जागा अशी नाही गं, अशी घे, ते पण कापत नाही, मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं.

लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आहे, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, दोन माइक, एक तिच्यासमोर आणि एक तानपुऱ्याजवळ. तासाला साधारण १ जीबी होतो, आत्तापर्यंत ७० जीबीच्या आसपास गेलंय.

मागच्या आठवड्यात लॅपटॉप सारखा अडकायला लागला म्हणून घाईघाईत सगळ्या प्रोजेक्ट फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या आणि भावाच्या कंप्युटरवर उघडून बघितल्या तर ट्रॅक दिसतायत, कट दिसतायत, आवाजच नाही! पोटात गोळा आला. मग कळलं की आरपीपी फाइलमधे, म्हणजे रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमधे, आवाज नसतोच, कुठली वेव्ह फाइल (खरा आवाज असलेली) कुठे लावायची एवढंच लिहिलेलं असतं, आणि माझ्या वेव्ह फाइल्स तीन वेगळ्या फोल्डरमधे पसरलेल्या. लॅपटॉपवर सगळं शाबूत आहे, पण तेवढी एकच प्रत आहे.

आता सेव्ह अॅज करताना 'कॉपी ऑल मीडिया इनटू प्रोजेक्ट डिरेक्टरी' टिक करतेय. पुढे काय करू? गूगल ड्राइव्हवर फुकट १५ जीबीच मिळतात. जास्तीची जागा विकत घेऊन फोल्डर सिंक करून टाकला तर पुरेल का?

प्रतिसाद:
ताई, नुसत्या सिंकवर राहू नका. लॅपटॉपवर चुकून फाइल डिलीट झाली की ड्राइव्हवरूनही जाते, ट्रॅशमधे थोडे दिवस राहते तेवढंच. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या, एक घरी, एक दुसऱ्या गावी कुणाकडे तरी, आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, लावलेली राहिली तर व्हायरस आला किंवा विजेचा झटका बसला की दोन्ही एकदम जातात. शिवाय प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळा वेव्ह रेंडर करून (म्हणजे एकसलग आवाजाची फाइल बनवून) ठेवा, पुढे रीपर नसलं तरी कुठल्याही सॉफ्टवेअरमधे उघडेल. जागा कमी पडली तर वेव्हच्या फ्लॅक फाइल्स (दाबून लहान केलेल्या) करा, आवाजात काही जात नाही, साइज मात्र बरीच कमी होते. आणि भावाकडे उघडून बघितलंत ते फार बरं केलंत, दर वेळी तसंच बघा.

धागाकर्ती:
खूप आभार! एक डिस्क बहिणीकडे इंदूरला पाठवते. अजून एक विचारायचं होतं, बंदिशीचा राग, ताल आणि कुणाकडून शिकली ते आत्या तोंडी सांगते, ते फाइलच्या नावात घालू की प्रत्येक फोल्डरमधे वेगळी टेक्स्ट फाइल ठेवू? ती सांगतेय तोवरच हे लिहून होईल.