मिक्सर लावला की पोरगं कॉटखाली

प्रश्न: पोरगं साडेचार वर्षांचं. मिक्सर सुरू झाला की कान झाकून कॉटखाली. नखं झोपेतच कापते, शर्टाची लेबलं कात्रीनं काढते. सासूबाईंच्या मते सगळे माझेच लाड. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून खेळ-हालचालींतनं उपचार) सांगितली, पण तिथं नुसतं झोक्यावर बसवतात की ओ! पैसे वाया जातात काय?

उत्तर: वैनी, झोका म्हणजे टाइमपास नव्हे. तोलाचं इंद्रिय आतल्या कानात असतं, झोक्यानं त्याला काम मिळतं. आवाज, स्पर्श, तोल या संवेदना मेंदू कशा जुळवतो, ही मांडणी अमेरिकेतल्या जीन आयर्स या थेरपिस्टची. सांध्या-स्नायूंवर जोर आला की काही पोरं निवांत होतात. आमची लेक भाकरीचं पीठ मळते, मंडईतनं कांद्याची पिशवी उचलून आणते. गणपतीत डॉल्बी दणाणला की मात्र आम्ही सरळ गावाकडं.

उत्तर: आधी कानांची तपासणी करून घ्या. आणि तीन महिन्यांत काय जमायला पाहिजे, ते थेरपिस्टकडनं लिहून घ्या. ‘सुधारणा’ नको, ‘बटणं स्वतः लावेल’ असं.

प्रश्नकर्ती: आज मिक्सरचं बटण त्यालाच दाबायला दिलं. कान झाकले, पण कॉटखाली गेला नाही. दोनदा दाबून पळाला, चटणी जाडसरच राहिली.